काचेवरील तारे

नेत्राला प्रकाश साठविता येत नाही. छायाचित्रणाच्या काचेला तो साठविता येतो. म्हणूनच दुर्बिणीतूनही न दिसणारा तारा काचेवर हळूहळू उमटतो. मात्र तेवढा वेळ दुर्बीण आकाशाच्या गतीने फिरती ठेवावी लागते. अन्यथा बिंदूची रेघ होते.

१८८७ साली पॅरिस येथे ठरलेल्या आकाशनकाशासाठी हैदराबादच्या निजामिया वेधशाळेने खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेचा १७ ते २३ अंशांचा पट्टा टिपला. काच धुतल्यावर, ताऱ्यांबरोबरच उमटविलेल्या चौकटींच्या आधारे प्रत्येक ताऱ्याचे स्थान सूक्ष्मदर्शकातून मोजावयाचे; खरे कष्ट येथेच. या जुन्या मापनांची हिप्पार्कस उपग्रहाच्या वेधांशी सांगड घातली गेली, तेव्हा २००० सालच्या टायको-२ सूचीत सुमारे २५ लाख ताऱ्यांची निजगती, म्हणजे आकाशातील त्यांचे अतिमंद सरकणे, नोंदविता आली.