दिलरस बानूची पाच अपत्ये

जोयडा तालुक्यातील कॅसलरॉक स्थानक सोडून आगगाडी दूधसागरचा घाट उतरते आणि गोव्याच्या सपाटीस लागते. त्या सपाटीच्या उत्तर अंगास डिचोली आहे. १६८३ साली तेथे असा एक पाहुणा मुक्कामास होता, की ज्याच्या बापाच्या नावाने दिल्लीत खुतबा पढला जाई आणि ज्याच्या पाठोपाठ तोच बाप दक्षिणेत उतरला होता. औरंगजेबाचा पुत्र शहाजादा अकबर बापाविरुद्धचे बंड फसल्यावर मारवाडच्या दुर्गादास राठोडासह संभाजीराजांच्या आश्रयास आला होता.

त्याची आई दिलरस बानू, इराणच्या सफवी घराण्याशी नाते सांगणाऱ्या कुळातली, अकबराच्या जन्मानंतर महिनाभरातच, ऑक्टोबर १६५७ मध्ये, औरंगाबादेस वारली. तिच्या कबरीवरील मकबरा आझमशहा या मुलाच्या नावावर सांगितला जातो. पण बांधकामाच्या वेळी, १६६०-६१ साली, त्याचे वय जेमतेम सात-आठ वर्षांचे, तेव्हा पैसा खजिन्यातला हे उघड आहे. संगमरवर वाहून नेणाऱ्या सुमारे तीनशे गाड्या ताव्हेर्निये या फ्रेंच प्रवाशाने वाटेत पाहिल्या. तरीही संगमरवर पुरला तो कंबरपट्टीपर्यंत आणि घुमटाला. बाकीच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा आहे. प्रवेशद्वारावर अताउल्ला आणि हंसपतराय या रचनाकारांची नावे कोरलेली आढळतात.

मोगल जनानखाना हा केवळ अंतःपुर नव्हता, तर दरबाराचीच एक शाखा होता: प्रत्येक बेगमेस आणि शहाजादीस दर्जानुसार तनखा, शहाजाद्यांस मनसब. परंतु तख्ताचा वारसा ज्येष्ठत्वाने ठरत नसल्यामुळे प्रत्येक पुत्र हा जन्मतःच दावेदार, आणि म्हणून जन्मतःच संशयित. थोरली कन्या झेबुन्निसा हिचा अकबराशी पत्रव्यवहार उघडकीस येताच तिचा सालिना चार लाखांचा तनखा बंद झाला आणि सलीमगडच्या कैदेतच १७०२ मध्ये तिचे आयुष्य सरले. अकबर १६८७ त राजापुराहून जहाजाने इराणकडे गेला तो परतला नाही. त्याचा मुलगा नेकुसियर आग्र्याच्या किल्ल्यात बंदिवान म्हणूनच वाढला. मुलगी सफियत-उन्निसा मात्र मारवाडात दुर्गादासापाशी राहिली. ती परतल्यावर आजोबांनी कुराण शिकविण्याची व्यवस्था करू म्हटले, तेव्हा ते आपल्याला पाठ आहे, दुर्गादासाने अजमेरहून मुसलमान शिक्षिका आणविली होती, असे तिने सांगितले. वैऱ्याच्या घरी जो जिव्हाळा मिळाला, तो सख्ख्या घरच्या दफ्तरात कोठेच नोंदलेला नाही.

तिसरी कन्या झुब्दतुन्निसा इतिहासाला फारशी ठाऊक नाही. दुसरी, झीनतुन्निसा, मात्र मराठ्यांच्या आठवणीत टिकून आहे, कारण १६८९ त रायगड पडल्यावर बादशाही छावणीत नेलेल्या संभाजीराजांच्या पत्नी येसूबाई आणि त्यांचा बाल पुत्र शाहू यांच्यावर तिने माया केली.

पुढे १७०७ मध्ये बाप वारला, आणि दक्षिणेतून गादीसाठी निघालेल्या आझमशहाने वाटेत शाहूस सोडले. ज्याच्या नावे आईचा मकबरा उभा आहे, त्याने दुसऱ्याच्या आईला मात्र ओलीस ठेवून घेतले. येसूबाई १७१९ साली साताऱ्यास परतल्या, आणि त्याच साली आग्र्याच्या कैदेतील नेकुसियरला तीन महिन्यांपुरते तख्त लाभले.