मीटर १२ व्होल्ट दाखवतो, मग दिवा का लागत नाही?

शहापूर, किन्हवली, सरळगाव, मुरबाड या पट्ट्यात राहणाऱ्यांना पिकअप गाडीची ओळख करून द्यायला नको. शेतातली भेंडी कल्याणच्या बाजारात पोचवायची असो, पेंढा गोठ्यावर आणायचा असो किंवा लग्नाच्या मांडवाचे सामान न्यायचे असो, हीच गाडी धावून येते. यांतल्या बऱ्याच गाड्या जुन्या आहेत. त्यांची इंजिने अजून ठणठणीत असतात, पण वायरिंग मात्र थकलेले असते. रिव्हर्स गिअर टाकला तरी मागचा पांढरा दिवा लागत नाही. किल्ली फिरवली की नुसता ‘टक्’ असा आवाज येतो आणि सेल्फ काही फिरत नाही.

मग तपासणी सुरू होते. दिव्याच्या वायरला मीटर लावला, तर काटा नेमका १२ व्होल्टवर! ‘वायर चांगली आहे’ असे ठरवून आधी नवा बल्ब येतो, मग नवे स्विच येते आणि शेवटी नवी बॅटरीही येते. पैसे जातात, पण दोष जागच्या जागी राहतो. हा दोष कुठे दडून बसतो ते शोधायला फार मोठे शास्त्र लागत नाही. शाळेत शिकलेला ओहमचा नियम पुरतो. तो योग्य ठिकाणी लावता आला पाहिजे, इतकेच.

गिअरबॉक्सपाशी विजेचे काय काम?

गिअरबॉक्स म्हणजे दातेरी चाकांचा संच. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे अनेक फेरे होतात तेव्हा मागे जाणाऱ्या दांड्याचा एक फेरा होतो. त्यामुळे वेग कमी मिळतो, पण जोर वाढतो. माळशेज किंवा कसारा घाट चढताना हाच जोर कामी येतो. पाच गिअरच्या अनेक गाड्यांत चौथ्या गिअरला इंजिन आणि दांडा सारख्याच गतीने फिरतात. पाचव्या गिअरला मात्र दांडा इंजिनापेक्षाही वेगाने फिरतो. समजा गुणोत्तर ०.८ आहे, तर इंजिनाचे मिनिटाला २००० फेरे झाले की दांड्याचे २५०० होतात. यालाच ‘ओव्हरड्राइव्ह’ म्हणतात. सपाट रस्त्यावर इंजिन संथ चालते आणि इंधन वाचते.

आपल्याकडच्या जुन्या पिकअपमध्ये हा पाचवा गिअर हातानेच टाकावा लागतो. त्यात विजेचा संबंध नसतो. परदेशातल्या काही गाड्यांत मात्र तो विजेने टाकला जातो. ब्रिटनमध्ये १९४८ च्या स्टँडर्ड व्हॅनगार्ड मोटारीत लेकॉक कंपनीचा ओव्हरड्राइव्ह आला. त्यात बटण दाबले की सोलेनॉइड, म्हणजे तारेच्या वेटोळ्याचे विद्युतचुंबक, आतली झडप उघडत असे. अमेरिकेत फोर्डच्या पिकअप गाड्यांत १९८९ पासून आलेल्या एका स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये तर अशी अनेक सोलेनॉइडे एका छोट्या संगणकाच्या हुकमाने चालत. अशा गाडीत एखादा सांधा गंजला की गिअरच पडत नाही आणि चालकाला वाटते, गिअरबॉक्स खराब झाला!

आपल्या गाडीच्या गिअरबॉक्सवरही एक लहानसे विजेचे स्विच असतेच. रिव्हर्स गिअर टाकला की आतला दांडा या स्विचची खुंटी दाबतो, संपर्क जुळतो आणि मागचा पांढरा दिवा लागतो. हे स्विच गाडीच्या पोटाखाली असते. पावसाळ्यात चिखलाचे पाणी त्याच्यावर सतत उडत राहते. तांब्याच्या टोकांवर हिरवट पूड धरते. ही पूड म्हणजे तांब्याचे क्षार. त्यांतून वीज नीट वाहत नाही. शिवाय गाडी पेंढ्याच्या गंजीशेजारी उभी असेल, तर उंदीर वायरीही कुरतडतात.

जायची वाट आणि यायची वाट

बॅटरीच्या धन टोकापासून फ्यूज, किल्ली, गिअरबॉक्सवरचे स्विच आणि मग दिवा, ही झाली जायची वाट. दिव्यापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत परत यायला बहुतेक ठिकाणी वेगळी वायर नसते. गाडीचा लोखंडी सांगाडाच ते काम करतो. यालाच गॅरेजमध्ये ‘अर्थिंग’ म्हणतात. दोन्ही वाटा मिळून एक विद्युत मंडल पुरे होते. आपण बहुधा जायची वाट तपासतो आणि यायची वाट विसरतो. जिथे सांगाड्याला स्क्रू लावला आहे तिथे गंज चढलेला असतो, तिकडे कोणी पाहत नाही.

आता मीटर फसवतो कसा ते पाहू. दिवा २१ वॅटचा आणि बॅटरी १२ व्होल्टची आहे. प्रवाह सुमारे १.७५ अँपिअर आणि दिव्याचा रोध जवळजवळ ७ ओहम येतो. समजा गंजलेल्या सांध्याचा रोध ३ ओहम आहे. मग,

एकूण रोध = ७ + ३ = १० ओहम
प्रवाह = १२ ÷ १० = १.२ अँपिअर
सांध्यावर खर्च झालेला दाब = १.२ × ३ = ३.६ व्होल्ट
दिव्याला मिळालेला दाब = १.२ × ७ = ८.४ व्होल्ट

दिव्याला २१ वॅटऐवजी फक्त १० वॅट मिळतात, आणि तार पुरेशी तापत नसल्यामुळे प्रकाश तर त्याहूनही जास्त घटतो. (थंड तारेचा रोध कमी असतो, म्हणून हे गणित ढोबळ आहे.) आता बल्ब काढून त्याच जागी मीटर लावा. चांगल्या डिजिटल मीटरचा रोध १ कोटी ओहम असतो. त्यातून जाणारा प्रवाह अँपिअरच्या दहा लाखाव्या भागाइतका, म्हणजे जवळजवळ शून्य! प्रवाहच नाही, तर ३ ओहमच्या सांध्यावर दाब खर्च कसा होणार? मीटर सुखाने १२ व्होल्ट दाखवतो. सोळा धाग्यांच्या वायरीतले पंधरा धागे तुटले तरीही तो १२ च दाखवील.

गावच्या नळाचे उदाहरण घ्या. नळ बंद असताना गाळाने भरलेल्या पाइपातही पाण्याचा दाब पूर्ण असतो. पाइप खरोखर मोकळा आहे का, हे नळ सोडल्यावरच कळते. म्हणून नियम असा: दाब मोजायचा तो काम चालू असताना.

दोष शोधण्याची रीत

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. किल्ली चालू ठेवून रिव्हर्स गिअर टाका, पण इंजिन सुरू करू नका. गाडी गिअरमध्ये असल्यामुळे कोणी सेल्फही मारता कामा नये. हे काम मोठ्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे. बल्ब जागेवर असू द्या.

पहिले माप: मीटरची एक सळई बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी दिव्याच्या धातूच्या बैठकीला लावा. परतीची वाट चांगली असेल तर जेमतेम ०.१ किंवा ०.२ व्होल्ट दिसतील. ३.६ दिसले तर चोर याच वाटेवर आहे.

दुसरे माप: एक सळई बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरी दिव्याकडे येणाऱ्या वायरीच्या टोकाला लावा. इथे दाब जास्त आला, तर दोष जायच्या वाटेवर आहे. मग वाटेच्या मध्यावर, म्हणजे गिअरबॉक्सवरच्या स्विचपाशी, मोजा. दर मापाला अर्धी वाट निर्दोष ठरते आणि चार-पाच मापांत सांधा सापडतो.

वायर पूर्ण तुटली असेल, तर सगळे १२ व्होल्ट त्या तुटलेल्या जागेवरच मिळतील. आणि दोन्ही वाटांवर काहीच दाब खर्च होत नसून बल्बवर मात्र पुरे १२ व्होल्ट असतील, तर बल्बच गेलेला आहे. नवा बल्ब आणायची वेळ तेव्हाच येते.

रबरावर बसलेले इंजिन

सेल्फच्या बाबतीत हेच गणित फार कडक होते. डिझेल इंजिन फिरवताना सेल्फ २०० अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतो. एखाद्या सांध्याचा रोध अवघा ०.०१ ओहम असला, तरी तिथे २ व्होल्ट खर्च होतात आणि ४०० वॅट उष्णता निर्माण होते. दिव्याला जो रोध जाणवणारही नाही, तो सेल्फला अडवतो. ‘टक्’ आवाज येऊन सेल्फ थांबला, तर नवी बॅटरी घेण्याआधी हे सांधे तपासावेत.

आणखी एक गंमत पाहा. इंजिन आणि गिअरबॉक्स रबराच्या बैठकांवर बसवलेले असतात, म्हणजे हादरे सांगाड्याला पोचत नाहीत. पण रबर तर विद्युतरोधक! म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून सांगाड्यापर्यंत विणलेल्या तांब्याची जाड पट्टी जोडलेली असते. ती तुटली की २०० अँपिअरचा प्रवाह दुसरी वाट शोधतो: कधी अॅक्सिलरेटरची केबल, कधी क्लचची. सेल्फ मारताना एखादी केबल गरम होऊन धुरकटली, तर दोष केबलमध्ये शोधू नका. ती पट्टी आधी पाहा.

फ्यूजच्या जागी तार नको

फ्यूज वारंवार जातो म्हणून काही जण त्याच्या जागी तांब्याची तार गुंडाळतात. याचा हिशोब करून पाहा. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या ३ मीटर वायरीचा रोध सुमारे ०.०५ ओहम असतो. ती कुठेतरी सांगाड्याला टेकली आणि बॅटरीचा अंतर्गत रोध ०.०१ ओहम धरला, तर प्रवाह १२ ÷ ०.०६ = २०० अँपिअर. वायरीतली उष्णता = २०० × २०० × ०.०५ = २००० वॅट. या वायरीतले तांबे सुमारे २७ ग्रॅम. तांब्याची विशिष्ट उष्णता ध्यानात घेतली, तर तिचे तापमान पहिल्याच सेकंदात जवळजवळ १९० अंशांनी वाढते! वरचे प्लॅस्टिक वितळते, शेजारच्या वायरी उघड्या पडतात आणि मागे पेंढा भरलेला असेल तर पुढे काय होईल ते सांगायला नको. १० अँपिअरचा फ्यूज हे सगळे घडण्याआधी स्वतः वितळून मंडल तोडतो. फ्यूज जातो ही तक्रार नव्हे, ती सूचना आहे.

बॅटरीपाशी काम करताना हातातली अंगठी, कडे काढून ठेवा आणि ऋण टोक आधी सोडा. धन टोक आधी सोडायला गेलात आणि पाना सांगाड्याला लागला, तर वरचेच गणित तुमच्या हातात घडेल. नव्या गाड्यांत नाजूक इलेक्ट्रॉनिक पेट्या असतात. त्यांच्या वायरींना टेस्ट लॅम्प लावू नये.

वर्गात करून पाहा

टॉर्चचे तीन सेल, ३.८ व्होल्टचा बल्ब, १० ओहमचा एक रोधक आणि मल्टिमीटर घ्या. रोधक म्हणजे आपला गंजलेला सांधा. शिक्षकांनी तो झाकून मंडलात कुठेतरी जोडावा आणि विद्यार्थ्यांनी फक्त दाब मोजून त्याची जागा सांगावी. आधी बल्ब काढून मोजा, मग बल्ब लावून मोजा. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. मग गंजलेला खिळा, घासलेला खिळा, सैल पीळ, घट्ट पीळ यांवरही दाब मोजा.

रात्री मागे येणाऱ्या गाडीचा पांढरा दिवा लागला, तर पाठीमागच्या माणसाला बाजूला व्हायला वेळ मिळतो. बहुतेक वेळा त्या दिव्यासाठी नवे काहीच आणावे लागत नाही. नेमका सांधा सापडला की पॉलिश पेपरने तो घासायचा, स्क्रू घट्ट करायचा आणि वर थोडे ग्रीस लावायचे, एवढेच काम उरते.