चौकोनी खूण आणि सीमाभागातील मराठी वर्ग

वर्गात नवे साधन आले म्हणजे शिक्षणही नवे झाले, असा समज हल्ली बळावला आहे. परंतु साधनाचे मोल ते मुलाच्या भाषेपर्यंत कितपत पोचते यावरून ठरते, असे आमचे मत आहे. बेळगाव-निपाणीकडील मराठी शाळांना तर हा विचार टाळता येण्याजोगा नाही.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील शाळेत श्री. रणजितसिंह डिसले २००९ साली रुजू झाले. तेथील अनेक मुलांची घरची बोली कानडी आणि पुस्तक मात्र मराठी! डिसले गुरुजी स्वतः कानडी शिकले. मग पाठांना क्यूआर कोडची जोड देऊन कविता, चित्रफिती आणि गोष्टी त्यांनी मुलांपुढे ठेवल्या. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. येथे क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे: आधी भाषा, मग यंत्र.

ही चौकोनी खूण १९९४ साली जपानात निर्माण झाली. तिच्या तीन कोपऱ्यांतील मोठ्या चौकोनांवरून यंत्राला तिची दिशा कळते. उरलेल्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत मजकूर साठविलेला असतो. त्यात दुरुस्तीची सोय असल्यामुळे थोडा भाग पुसला गेला तरी ती वाचता येते. मुलांच्या हाताळणीतील पुस्तकाला हा गुण फार उपयोगी आहे.

आमच्या भागातील परिस्थिती परितेवाडीच्या उलट आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर येथील मराठी शाळा कर्नाटकाच्या अभ्यासक्रमाने चालतात. महाराष्ट्राच्या पुस्तकांसाठी केलेले मराठी साहित्य विपुल आहे. पण त्यातील पाठांचा क्रम आमच्या पुस्तकांशी जुळेलच असे नाही. म्हणून शिक्षकाने आधी ते स्वतः पाहावे, पारिभाषिक शब्द आपल्या पुस्तकाशी ताडावेत आणि योग्य तेवढाच भाग निवडून त्याची खूण आपल्या पाठाच्या पानावर चिकटवावी. अशी खूण संगणकावर विनामूल्य तयार करता येते. गावात जोडणी क्षीण असेल तर चित्रफीत आदल्या दिवशीच उतरवून घ्यावी. एका भ्रमणध्वनीवरही वर्गाचे काम भागते.

कानडीच्या अध्यापनातही हे साधन उपकारक आहे. कानडीत ए आणि ओ या स्वरांचे ऱ्हस्व व दीर्घ असे दोन प्रकार आहेत; मराठीत हा भेद नाही. छापील अक्षराने तो मराठी मुलाच्या कानी पडणार कसा? कानडीभाषक सहकाऱ्याचा ध्वनिमुद्रित आवाज ते काम सहज करील. राज्यभाषा नीट आली म्हणून मातृभाषेला बाध येत नाही.

मराठी शाळा साधनांत मागे राहिली, की पालकाची पावले इंग्रजी शाळेकडे वळतात. वर्ग ओस पडल्यावर मातृभाषेचे महत्त्व सांगणारी व्याख्याने कोण ऐकणार? शिक्षकबंधुभगिनींनी आपापल्या विषयाचा निदान एक पाठ या रीतीने सिद्ध करून शेजारच्या शाळेस द्यावा. अशा देवघेवीतूनच या भागाचे स्वतःचे भांडार उभे राहील.