फोमची गादी : घरबसल्या मागवावी का?

मोबाइल उघडला की हल्ली गादीची जाहिरात समोर येते. 'शंभर रात्री झोपून पाहा, पसंत नसेल तर पैसे परत.' 'दहा वर्षांची हमी.' 'पाठदुखीला कायमचा निरोप.' खाली लाल अक्षरांत लिहिलेले असते, 'फक्त दोनच शिल्लक, लवकर करा.' महिन्याच्या पगारावर घर चालवणाऱ्या माणसाला आठ-नऊ हजार रुपये ही काही लहान रक्कम नाही. मुलांची फी, गॅस, औषधे आणि सोसायटीचा हप्ता भागवून जे उरते त्यातूनच ती काढायची असते. तेव्हा ही खरेदी गरज आहे की चैन, आणि गरज असेल तर ती न पाहता, न दाबता मोबाइलवरून करावी का, याचा शांतपणे विचार व्हायला हवा. आमच्या घरी हा विचार आधी झाला नाही, नंतर झाला. त्यातून जे शिकलो ते वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

गोष्ट आईच्या पाठीपासून सुरू झाली

माझी आई अडुसष्ट वर्षांची आहे. आयुष्यभर ती फरशीवर गोधडी अंथरून झोपली. तिने सतरा वर्षे चार घरची धुणीभांडी केली. त्या घरांतल्या गाद्या दर रविवारी गच्चीवर नेऊन उन्हात घालणे आणि काठीने झोडपणे हेही तिच्याच कामात होते. स्वतःच्या अंगाखाली मात्र गादी कधी आली नाही. दोन वर्षांपासून तिची पाठ धरते आणि सकाळी उठताना भिंतीला हात लावून उठावे लागते. मुलगी म्हणाली, "पप्पा, आजीसाठी चांगली गादी घेऊ या ना." नाही म्हणायला तोंडच उघडेना.

२०२४ सालच्या ऑक्टोबर महिन्यात सेल लागला होता. सहा फूट बाय चार फूट, पाच इंच जाडी, 'चाळीस डेन्सिटी', 'ऑर्थोपेडिक', किंमत ८,४९९ रुपये. सहा हप्ते, व्याज शून्य. मुलीने बटण दाबले आणि पाचव्या दिवशी खोके आले. आणणाऱ्याने ते चाळीच्या जिन्याखालीच ठेवले आणि सही घेऊन तो गेला. आत प्लास्टिकमध्ये हवा काढून, चपटी करून गुंडाळलेली गादी होती. प्लास्टिक कापताच ती फुगू लागली. पूर्ण फुगायला दोन-तीन दिवस द्यावे लागतात, तसे आम्ही दिले. नव्या फोमला रसायनाचा वास येतो, म्हणून खिडकी उघडी ठेवली. वास आठवड्यात गेला. पण तिसऱ्या आठवड्यात आई जिथे झोपते तिथे खळगा दिसू लागला.

भंगारवाल्याचा काटा

येथे थोडा हिशेब समजून घेऊ. फोमची 'डेन्सिटी', म्हणजे घनता, म्हणजे एक घनमीटर फोमचे किलोमधले वजन. चाळीस डेन्सिटी म्हणजे घनमीटरला चाळीस किलो. हा मऊपणाचा किंवा कडकपणाचा आकडा नव्हे. तो फोममध्ये माल किती भरला आहे याचा आकडा आहे. हलका फोमही कारखान्यात कडक करता येतो. दुकानात दाबून पाहिला तर तो छान लागतो, पण तो लवकर बसतो. गादी किती वर्षे टिकणार हे बरेचसे घनतेवर ठरते.

आता आमची गादी घ्या. ६ फूट गुणिले ४ फूट गुणिले ५ इंच म्हणजे बरोबर १० घनफूट. एका घनमीटरमध्ये साधारण ३५.३ घनफूट असतात. म्हणजे खऱ्या चाळीस डेन्सिटीच्या या गादीचे वजन सुमारे ११.३ किलो भरायला हवे. बत्तीस डेन्सिटी असेल तर ९ किलो. आम्ही दोघा बाप-लेकींनी गादी गुंडाळून दोरीने बांधली आणि नाक्यावरच्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवली. वजन भरले ७ किलो, तेही कापडी खोळीसकट. म्हणजे घनता पंचविसाच्याही खाली. चाळीसचे पैसे घेऊन पंचवीसचा माल आला होता.

हा हिशेब कोणालाही करता येतो. लांबी, रुंदी आणि जाडी फुटांत घेऊन गुणाकार करा, सांगितलेल्या डेन्सिटीने गुणा आणि ३५.३ ने भागा. येणारा आकडा म्हणजे अपेक्षित किलो. मात्र एक सावधगिरी ठेवा. काही गाद्यांत खालचा थर फोमचे तुकडे दाबून चिकटवलेला असतो. बाजारात त्याला 'रिबॉन्डेड' म्हणतात. तो बराच जड असतो, त्यामुळे नुसत्या वजनावर फसू नका. कोणता थर किती इंचाचा आणि किती डेन्सिटीचा, हे आधी लेखी विचारा.

पैसे परत मिळाले, पण कसे?

'शंभर रात्री' हा शब्द ऐकून आम्ही निर्धास्त होतो. फोन केल्यावर कळले की तुमच्या पिनकोडवरून गादी परत उचलण्याची सोय नाही. मूळ पॅकिंगही हवे होते, आणि फुगलेली गादी त्या खोक्यात परत बसत नाही हे शाळकरी पोरालाही कळेल. हमीपत्राची अक्षरे भिंगातून वाचली तेव्हा आणखी दोन गोष्टी ध्यानात आल्या. खळगा एका इंचापेक्षा जास्त खोल असेल तरच तो दोष मानणार, आणि गादीवर डाग असेल तर हमी रद्द. अशा अटी अनेक हमीपत्रांत असतात. त्या गादी घेण्याआधी वाचायच्या असतात, आम्ही घेतल्यावर वाचल्या.

मग कायद्याची वाट धरली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे आणि ऑनलाइन विक्रीसाठीचे नियम २०२० पासून लागू आहेत. वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देता येत नाही. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची, असा नियम आहे. आम्ही जाहिरातीचा फोटो, बिल, काट्यावरच्या गादीचा फोटो आणि वरचा हिशेब एका कागदावर मांडून कंपनीला पाठवला. आठ दिवस उत्तर नाही, तेव्हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. त्यानंतर पाच आठवड्यांत गादी उचलली गेली आणि पैसे परत आले.

तेवढ्यानेही काम झाले नसते, तर जिल्हा ग्राहक आयोग होताच. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तेथे फी नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची असते. 'फक्त दोनच शिल्लक' अशी खोटी घाई लावणे ही २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ग्राहकाची फसवणूक ठरते, हेही लक्षात असू द्या.

आता हप्त्यांविषयी. व्याज शून्य, पण 'प्रक्रिया शुल्क' १९९ रुपये आणि त्यावर कर, असे २३५ रुपये गेले ते गेलेच. पैसे परत येईपर्यंत दोन हप्तेही कापले गेले. फुकट कर्ज देणारी बँक जगात नाही. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट नसते, हे रिझर्व्ह बँकेनेच २०१३ साली बँकांना बजावले होते. व्याज कुठेतरी दुसऱ्या नावाखाली आपल्याच खिशातून जाते.

डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न

या धावपळीत आईला महापालिकेच्या रुग्णालयात नेले. डॉक्टरांनी तपासले आणि विचारले, "आजी, झोपल्यावर जास्त दुखते की उठताना?" आई म्हणाली, "झोपल्यावर काही नाही हो. उठताना जीव जातो." आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. घरातल्या चौघांपैकी एकानेही तिला हे विचारले नव्हते. डॉक्टरांनी सांगितले की गुडघे आणि कंबर झिजली आहे. या वयात जमिनीवरून उठणे हाच मोठा ताण आहे. खाट अशी हवी की कडेला बसल्यावर पाय जमिनीला टेकतील आणि गुडघे काटकोनात राहतील. गादीसकट साधारण दीड फूट उंची झाली की पुरे.

पाठदुखीला जितके कडक तितके चांगले, असा आपला समज असतो. २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधल्या ३१३ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जुनाट कंबरदुखी असलेल्यांना तीन महिन्यांनंतर कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर जास्त आराम पडल्याचे त्यात दिसले. म्हणजे गादीचा उपयोग आहे, पण जाहिरातीतला 'ऑर्थोपेडिक' हा शब्द म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी नव्हे.

कापूस बरा की फोम?

आमच्या भागात कापसाची बाय चारची नवी गादी खोळीसकट ३,६०० रुपयांना मिळते. दर दोन वर्षांनी ती पिंजून घ्यायला ७०० रुपये लागतात. आठ वर्षांत तीन वेळा पिंजली तर एकूण ५,७०० रुपये, म्हणजे रात्रीला सुमारे दोन रुपये. ८,४९९ ची फोमची गादी आठ वर्षे टिकली तर रात्रीला तीन रुपयांच्या आत पडते. पण दोनच वर्षांत बसली तर हाच खर्च रात्रीला साडेअकरा रुपयांवर जातो. सगळा प्रश्न टिकण्याचा आहे.

पैशांपलीकडेही काही गोष्टी पाहाव्या लागतात. दहा बाय पंधराच्या खोलीत सकाळी अंथरूण उचलल्याशिवाय चालायला जागा होत नाही. कापसाची गादी गुंडाळून माळ्यावर टाकता येते. जाड फोमची गादी रोज गुंडाळली किंवा दुमडली तर ती लवकर खराब होते. कापसाला ऊन हवे, फोमला कडक ऊन चालत नाही, तो पिवळा पडून भुगा होऊ लागतो. त्याला सावलीतली हवा द्यावी. पावसाळ्यात फोम थेट फरशीवर ठेवला तर खालून ओल धरते आणि बुरशी येते. तो खाटेवरच हवा, आणि खाटेच्या फळ्यांत फटी हव्यात. फोम धुता येत नाही, म्हणून घरात तान्हे मूल किंवा आजारी माणूस असेल तर वर मेणकापड हवेच. 'मेमरी फोम' अंगाच्या उष्णतेने मऊ होतो आणि ती उष्णता धरूनही ठेवतो. मुंबईच्या मे महिन्यात, पंख्याखाली, तो अनेकांना गरम होतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आगीची. हा फोम पेटला तर भराभर जळतो आणि त्याचा धूर विषारी असतो. लहान खोलीत गादीशेजारी डासांची कॉइल, मेणबत्ती किंवा स्टोव्ह ठेवू नका. गादीवर मोबाइल चार्जिंगला लावून झोपू नका.

शेवटी आम्ही काय केले?

आलेल्या पैशांतून आधी ३,४०० रुपयांची लोखंडी खाट घेतली. मग तिच्यापुरती, सहा बाय तीनची गादी ६,२०० रुपयांना घेतली, आणि तीही ऑनलाइनच. पण या वेळी मागवण्याआधी तीन प्रश्न लेखी विचारले. थर कोणते आणि किती डेन्सिटीचे? आमच्या पिनकोडवरून परत उचलता का? परत करताना मूळ खोके लागते का? दोन कंपन्यांनी उत्तरच दिले नाही. तिसरीने दिले, तिच्याकडून घेतली. खोके उघडताना मुलीने मोबाइलवर चित्रण केले. अपेक्षित वजन साडेआठ किलो होते, काट्यावर खोळीसकट नऊ भरले. या वेळी हप्ते केले नाहीत, वर लागलेले अकराशे रुपये रोख भरले.

मग ऑनलाइन फोमची गादी घेणे परवडते का? ज्याला खाट आहे, गादी दिवसा उचलावी लागत नाही आणि ज्याच्या पाठीला तिची खरी गरज आहे, त्याला परवडते, पण प्रश्न विचारून आणि वजन करून. धडधाकट माणसांना, रोज अंथरूण घालून उचलणाऱ्या घराला पिंजाऱ्याची कापसाची गादी आजही स्वस्त आणि सोयीची आहे. आम्ही बाकीचे तिघे तिच्यावरच झोपतो.

आई आता सकाळी खाटेच्या कडेला बसते, पाय टेकते आणि भिंतीला हात न लावता उठते. पहिल्याच रात्री तिने नव्या गादीवर आपली जुनी गोधडी अंथरली. मुलीने विचारले तर म्हणाली, "लोकांच्या गाद्या झोडपून हात दुखले गं. ही मला झोडपायची नाही ना?"

तेव्हा वाचकहो, जाहिरात पाहून बटण दाबण्याआधी घरातल्या माणसाजवळ पाच मिनिटे बसा. कुठे दुखते, केव्हा दुखते, ते विचारा. आम्ही तो प्रश्न आधी विचारला असता, तर आईचे दोन महिने वाया गेले नसते.