एक हंगाम, दोन विजेतेपदे : मुंबई सिटी एफसीचा २०२०-२१ चा हंगाम आणि अमेरिकी धाटणीची लीगरचना

प्रस्तावना

गोव्यातील बांबोळी येथील जीएमसी क्रीडांगणावर दि. २८ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबई सिटी एफसी आणि एटीके मोहन बागान या संघांमध्ये इंडियन सुपर लीगच्या साखळी फेरीतील अखेरचा सामना झाला. सामन्यापूर्वी मोहन बागानच्या खात्यात ४० गुण होते, मुंबईच्या खात्यात ३७. कोलकात्याच्या संघाला बरोबरी पुरेशी होती. मुंबईला मात्र विजयावाचून गत्यंतर नव्हते. सातव्या मिनिटाला बचावपटू मुर्तदा फॉल याने आणि एकोणचाळिसाव्या मिनिटाला आघाडीपटू बार्थोलोम्यू ओगबेचे याने गोल केला आणि मुंबईने सामना २-० असा जिंकला. दोन्ही संघांचे गुण समान झाले. परस्परांतील दोन्ही सामने मुंबईने जिंकलेले असल्यामुळे प्रथम स्थान व 'लीग विनर्स शील्ड' मुंबईकडे आली.

वीस सामन्यांच्या शेवटी अव्वल ठरलेला संघ हाच विजेता, असे मानून येथे हंगाम संपावयास हवा होता. तसे झाले नाही. तेरा दिवसांनी, १३ मार्च रोजी, मडगावनजीकच्या फातोर्डा क्रीडांगणावर हेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले आणि त्या सामन्यात इंडियन सुपर लीगचा करंडक पणाला लागला. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या आयोजनाचा अनुभव असलेल्या प्राध्यापकांना साखळी पद्धत आणि बाद पद्धत या दोन्ही परिचित आहेत. परंतु एकाच हंगामात दोन्ही पद्धतींनी दोन स्वतंत्र विजेतेपदे देण्याची ही रीत कोठून आली आणि तिच्यामागील कारण काय, याचे उत्तर भारतीय फुटबॉलच्या परंपरेत सापडत नाही. ते अमेरिकेच्या व्यावसायिक क्रीडाव्यवस्थेत शोधावे लागते.

बंद लीग म्हणजे काय?

सन १९९६ हे वर्ष या संदर्भात लक्षणीय आहे. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये अमेरिकेत मेजर लीग सॉकर सुरू झाली आणि डिसेंबरमध्ये भारतात राष्ट्रीय फुटबॉल लीग. वय सारखे असले तरी दोहोंची घडण भिन्न होती. भारतीय लीगने युरोपचा मार्ग स्वीकारला. तेथे वरच्या श्रेणीतील तळाचे संघ खालच्या श्रेणीत जातात व खालच्या श्रेणीतील यशस्वी संघ वर येतात. शिक्षणसंस्थेच्या परिभाषेत बोलावयाचे तर बढती आणि पदावनती. अमेरिकी लीगने हे दार मुळातच ठेवले नाही. तेथे संघाला प्रवेश मिळतो तो विस्तारशुल्क भरून. न्यूयॉर्क सिटी एफसी या क्लबने २०१३ साली अशा प्रवेशासाठी १० कोटी डॉलर मोजले आणि २०१५ पासून तो खेळू लागला. एकदा प्रवेश मिळाला की तळाचे स्थान मिळूनही संघ आपल्या जागी राहतो. याला बंद लीग म्हणतात.

या रचनेमागील तर्क निव्वळ आर्थिक आहे. गुंतवणूकदाराला एका वाईट हंगामामुळे सर्वस्व गमावण्याची भीती राहत नाही. त्यामुळे तो मैदाने, प्रशिक्षण केंद्रे यांसाठी दीर्घ मुदतीचा पैसा घालू शकतो. वेतनखर्चावर मर्यादा घालून संघांमधील बलाबल आटोक्यात ठेवले जाते. मात्र या सुरक्षिततेची एक किंमत असते. पदावनतीची भीती नसेल तर गुणतक्त्याच्या मधल्या व खालच्या भागातील संघांना हंगामाच्या उत्तरार्धात खेळावयाचे कशासाठी? यावरचा अमेरिकी उपाय म्हणजे साखळीनंतरची बाद फेरी. पहिल्या क्रमांकाची आशा मावळली तरी बाद फेरीतील अखेरच्या जागेची आशा शिल्लक राहते, आणि प्रेक्षकही शिल्लक राहतो. त्यातच अमेरिकी संघ पूर्व व पश्चिम अशा दोन विभागांत वाटलेले असल्याने सर्वांना सारखे सामने मिळत नाहीत. म्हणून तेथे खरा विजेता ठरविण्याचा मान बाद फेरीकडे गेला. साखळीतील सर्वोत्तम संघाचा गौरव व्हावा यासाठी समर्थकांच्या पुढाकाराने १९९९ पासून वेगळी 'सपोर्टर्स शील्ड' सुरू झाली. शील्ड समर्थकांची, करंडक लीगचा, अशी ही विभागणी होय.

इंडियन सुपर लीग २०१४ साली आठ संघांनिशी सुरू झाली ती याच बंद धाटणीने. अमेरिकेत क्लब हे मध्यवर्ती कंपनीचे भाग असतात. भारतात ते स्वतंत्र मालकीचे राहिले, हा एक महत्त्वाचा फरक. परंतु शुल्क भरून मिळणारी जागा, पदावनतीचा अभाव, वेतनमर्यादा आणि बाद फेरीने ठरणारा विजेता ही चारही लक्षणे येथे उतरली. सन २०१९-२० पासून आशियाई चॅम्पियन्स लीगमधील थेट प्रवेश साखळीतील प्रथम संघाला देण्याचे ठरले आणि त्यासोबत लीग विनर्स शील्डही आली. पहिली शील्ड एफसी गोवाने मिळविली, तर त्याच वर्षीचा करंडक एटीकेने.

मुंबईचा हंगाम

मुंबई सिटी एफसीची स्थापना ऑगस्ट २०१४ मध्ये झाली. अभिनेता रणबीर कपूर व बिमल पारेख हे तिचे मालक होते. पहिल्या सहा हंगामांत क्लबला एकही विजेतेपद मिळाले नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने ६५ टक्के हिस्सा घेतला. मँचेस्टर सिटी आणि उपरोक्त न्यूयॉर्क सिटी हे क्लब याच समूहाचे. अशा रीतीने अमेरिकी लीगमधील एक क्लब आणि मुंबईचा क्लब हे एका घरातले भाऊ झाले.

२०२०-२१ च्या हंगामापूर्वी स्पॅनिश प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा मुंबईत आले. गोव्याच्या शील्डविजेत्या संघाची बांधणी त्यांनीच केली होती. मात्र शील्ड हाती येण्याच्या थोडे आधी त्यांना पदावरून दूर करण्यात आले होते. त्यांच्यापाठोपाठ अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्यूगो बुमू आणि गोमंतकीय मंदार राव देसाई हे खेळाडूही मुंबईकडे आले. मुंबईचे हे यश बऱ्याच अंशी गोव्यात घडविलेल्या संघाचे यश होते, असे म्हटल्यास ते अन्यायाचे होणार नाही. योगायोग असा की कोरोनाच्या साथीमुळे तो संपूर्ण हंगाम गोव्यातील तीन क्रीडांगणांवर, प्रेक्षकांविना खेळविला गेला. 'मुंबई' नावाचा संघ त्या वर्षी मुंबईत एकही सामना खेळला नाही.

प्रारंभ निराशाजनक होता. दि. २१ नोव्हेंबर २०२० रोजी नॉर्थईस्ट युनायटेडने मुंबईला १-० असे हरविले; जाहूला लाल कार्ड मिळाले. त्यानंतर मात्र सलग बारा सामने संघ अपराजित राहिला. ही मालिका खंडित केली तीही ३० जानेवारी रोजी नॉर्थईस्टनेच. दि. २४ फेब्रुवारीला ओडिशाविरुद्ध ६-१ असा विजय मिळाला. मणिपूरच्या बिपिन सिंगने त्यात हॅट्ट्रिक केली. वीस सामन्यांत १२ विजय, ४ बरोबरी, ४ पराभव, ३५ गोल केले व १८ स्वीकारले, असा साखळीचा ताळेबंद राहिला.

बंद लीगचा स्वभाव याच गुणतक्त्यात वाचता येतो. तळाच्या ओडिशाने संपूर्ण हंगामात केवळ दोन सामने जिंकून १२ गुण मिळविले. पदावनतीची तरतूद असती तर मुंबईविरुद्धचा तो सहा गोलांचा पराभव त्यांच्या अस्तित्वाचा प्रश्न ठरला असता. प्रत्यक्षात पुढील वर्षी ओडिशा त्याच श्रेणीत खेळला. दुसरीकडे चौथ्या स्थानासाठी गोवा व हैदराबाद यांच्यात अखेरच्या दिवसापर्यंत चुरस राहिली. दि. २८ फेब्रुवारीलाच त्यांच्यातील सामना ०-० असा सुटला आणि गोवा बाद फेरीत पोहोचला. वर चुरस, तळाशी निश्चिंती.

उपान्त्य फेरीत मुंबईची गाठ लोबेरा यांच्या जुन्याच क्लबशी पडली. पहिला सामना २-२, दुसरा जादा वेळेनंतरही ०-०, आणि निर्णय पेनल्टी किकवर ६-५ असा मुंबईच्या बाजूने. नऊ गुणांनी मागे असलेला संघ एका किकच्या अंतरावरून मुंबईला बाहेर काढू शकला असता, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. अंतिम सामन्यात अठराव्या मिनिटाला डेव्हिड विल्यम्सने मोहन बागानला आघाडी मिळवून दिली. एकोणतिसाव्या मिनिटाला तिरीच्या स्वयंगोलाने बरोबरी झाली. मध्यंतरापूर्वी मुंबईकर बचावपटू अमेय रानवडे टक्कर होऊन जखमी झाला व त्याला रुग्णवाहिकेतून नेण्यात आले. नव्वदाव्या मिनिटाला गोलरक्षक पुढे आल्याचा लाभ घेत ओगबेचेने चेंडू बिपिन सिंगकडे दिला आणि मुंबईने २-१ असा विजय मिळविला. शील्ड व करंडक एकाच हंगामात जिंकणारा हा पहिला क्लब ठरला.

दोन विजेते असले तर

२०२१ मध्ये मुंबईने दोन्ही जिंकल्यामुळे 'खरा विजेता कोण' हा प्रश्न उद्भवला नाही. त्याच वर्षी न्यूयॉर्कमधील भावाच्या बाबतीत मात्र तो उद्भवला. साखळीत न्यू इंग्लंड रेव्होल्यूशनने ७३ गुणांचा विक्रम करून शील्ड घेतली. न्यूयॉर्क सिटीचे गुण होते ५१, पूर्व विभागात स्थान चौथे. तरीही बाद फेरीत त्याने न्यू इंग्लंडला पेनल्टीवर नमविले आणि डिसेंबरमध्ये पोर्टलंड येथे अंतिम सामनाही पेनल्टीवर जिंकून करंडक मिळविला.

मुंबईलाही हा अनुभव लवकरच आला. सन २०२२-२३ मध्ये पहिले अठरा सामने अपराजित राहून तिने ४६ गुणांसह शील्ड जिंकली, पण उपान्त्य फेरीत बंगळूरुकडून पेनल्टीवर ९-८ असा पराभव झाला. पुढील वर्षी फासे उलटे पडले. दि. १५ एप्रिल २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानने मुंबईला २-१ असे हरवून शील्ड घेतली. ४ मे रोजी त्याच शहरात मुंबईने मोहन बागानला ३-१ असे नमवून करंडक नेला.

येथे भारतीय रचनेतील एक विसंगती नोंदवावी लागेल. अमेरिकेत २०२१ साली २७ संघ आणि ३४ सामने होते. सर्वांशी दोनदा खेळणे शक्यच नव्हते. म्हणून तेथे बाद फेरीला क्रीडाविषयक समर्थन आहे. भारतात अकरा संघ एकमेकांशी दोनदा खेळले होते. त्याहून न्याय्य परीक्षा दुसरी असू शकत नाही. अशा स्थितीत करंडक बाद फेरीला देण्यास चुरस टिकविण्यापलीकडे कारण उरत नाही. आशियाई स्पर्धेचा प्रवेश शील्डला जोडण्याचा निर्णय त्यामुळेच योग्य ठरतो. त्या प्रवेशाच्या बळावर मुंबईने एप्रिल २०२२ मध्ये रियाध येथे इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असे हरविले. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब होय.

जागेची हमी, क्लबची नव्हे

खुल्या रचनेने महाराष्ट्रातील क्लबांना तारले असे म्हणता येत नाही. महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि चारच वर्षांत, २०१० मध्ये, संघ बंद करण्यात आला. पिरामल समूहाचा पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगचा उपविजेता होता. २०१५ मध्ये तोही संपला. मुंबई एफसी २०१६-१७ मध्ये तळाला गेला, पदावनत झाला व पुन्हा उभा राहिला नाही. परंतु बंद लीगमधील एफसी पुणे सिटीला तरी पदावनतीचे भय कोठे होते? तो २०१९ मध्ये विसर्जित झाला आणि त्याची जागा हैदराबाद एफसीने घेतली. २०२५ मध्ये हैदराबादचा संघ दिल्लीला हलविण्यात आला. जागा अबाधित राहिली, गाव बदलत गेले. अमेरिकेत संघांची अशी स्थलांतरे नवी नाहीत. पुण्याच्या प्रेक्षकाला मात्र आपला संघ कोठे गेला याचे उत्तर कोणी दिले नाही. लीगचेच भवितव्य अनिश्चित झाले तेव्हा, डिसेंबर २०२५ मध्ये, सिटी फुटबॉल ग्रुपनेही मुंबईतील आपला हिस्सा सोडला आणि क्लब संस्थापक मालकांकडे परतला.

विदर्भातून या प्रश्नाकडे पाहताना

नागपूर जिल्ह्यात फुटबॉल उपरा नाही. कामठीचा रब्बानी, नागपूरचे यंग मुस्लिम व राहुल हे क्लब जिल्हा लीगमध्ये खेळत आले आहेत. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतील मुलांसाठी जी चळवळ नागपुरात उभी केली, ती 'स्लम सॉकर' या नावाने देशाबाहेरही पोहोचली. नागराज मंजुळे यांचा 'झुंड' हा २०२२ चा चित्रपट तिच्यावरच आधारलेला आहे. असे असूनही विदर्भातील एकही क्लब राष्ट्रीय लीगच्या वरच्या श्रेणीत खेळलेला नाही. बंद लीगमध्ये त्याचे कारण गुणवत्तेत शोधण्यात अर्थ नव्हता. कुहीसारख्या तालुक्यातील मैदानावर कितीही चांगला संघ घडला तरी केवळ सामने जिंकून त्याला वर जाण्याचा मार्गच नव्हता. मार्ग होता तो शुल्काचा.

हे दार प्रथम २०२३ मध्ये किलकिले झाले. आय-लीग जिंकून पंजाब एफसी वरच्या श्रेणीत आला, २०२४ मध्ये कोलकात्याचा मोहमेडन स्पोर्टिंग आला. खाली जाण्याची तरतूद मात्र २०२४-२५ अखेरपर्यंत एकदाही अमलात आली नाही. म्हणजे शिडीला चढण्याच्या पायऱ्या होत्या, उतरण्याच्या नव्हत्या. त्या पायऱ्या मोजल्या तर जिल्हा लीग, राज्य संघटना, आय-लीग ३, आय-लीग २, आय-लीग आणि मग सुपर लीग. पहिल्या पायरीसाठी कुहीच्या खेळाडूला सुमारे ४० किलोमीटरवरील नागपूर गाठावे लागते.