झडप शाबूत, गळती चौकटीशी

चौकट भिंतीतून सुटली की दार कितीही भक्कम असो, वारा आत शिरतोच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीच्या भिंती कोसळताना पाहिलेल्या सास्तूरकरांना हे वेगळे सांगायला नको. कृत्रिम झडप बसवलेल्या हृदयातही कधीकधी असेच घडते.

लहानपणीच्या सांधेदुखीच्या तापाने हृदयाच्या झडपा निकामी झालेले रुग्ण खेड्यापाड्यांत आजही आढळतात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने तयार केलेली देशी झडप ६ डिसेंबर १९९० रोजी प्रथम रुग्णाला बसवण्यात आली. अशी झडप कडेने टाके घालून हृदयाला शिवतात. तिथला भाग ठिसूळ असला, त्यावर चुना साचला किंवा जंतुसंसर्ग झाला, तर टाका सुटतो. झडप नीट उघडझाप करते, पण रक्त कडेच्या फटीतून मागे झिरपते.

बहुतेक वेळा ही गळती किरकोळ असते. लक्ष ठेवले की पुरते. मोठी असेल तर धाप लागते, पाय सुजतात. चिंचोळ्या फटीतून जोराने जाताना रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. मग रक्तक्षय होतो, लघवी काळपट होते, डोळे पिवळे दिसतात. घरात मात्र अशक्तपणा म्हणून लोहाच्या गोळ्या आणि कावीळ म्हणून झाडपाला सुरू होतो. त्यात महिने निघून जातात.

पूर्वी उपाय एकच होता: छाती पुन्हा उघडणे. त्यात जोखीम अधिक. १९९२ मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी नळीवाटे छत्रीसारखे साधन बसवून अशा फटी बुजवल्याचे प्रसिद्ध केले. आता बहुधा जांघेतील रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात. अन्ननलिकेतून घेतलेल्या इकोच्या चित्रावर पाहत फटीतून तार ओवतात. नळीत मिटलेले धातूच्या जाळीचे बूच बाहेर येताच फुलते आणि फट बुजवते. झडपेच्या हालचालीला अडथळा नाही, याची खात्री झाल्यावरच ते सोडतात.

हा उपाय सर्वांना लागू नाही. जंतुसंसर्ग चालू असेल किंवा झडपच डगमगत असेल, तर तो चालत नाही. कधी थोडी गळती उरतेही.

हे काम मोठ्या शहरांतल्या मोजक्या केंद्रांतच होते. पण दुखणे ओळखण्याची सुरुवात गावातच व्हायला हवी. धाप किंवा काळपट लघवी दिसताच सास्तूरच्या स्पर्श रुग्णालयासारख्या जवळच्या दवाखान्यात जावे, झडपेचे कार्ड दाखवावे, रक्त-लघवी तपासून इकोबद्दल विचारावे. रक्त पातळ ठेवणारी गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये.