हीण नेमके किती?

यवतमाळच्या बाजारात कापसाची गाडी उभी राहिली की पारखी माणूस आधी ढिगात हात घालतो. चिमूटभर कापूस ओढून धाग्याची लांबी पाहतो. कचरा किती, कवडी किती, याचा अंदाज घेतो. भाव ठरतो तो या चिमटीवर! मी पडलो मराठीचा मास्तर. परंतु याच जिल्ह्यातील एका शेतावर सौरपंपाची निळीकाळी तावदाने पाहिली आणि मनात आले, यांतल्या सिलिकॉनची पारख कशी होत असेल?

सिलिकॉन वितळते १४१४ अंश सेल्सियसला. क्वार्ट्झच्या मुशीतील त्या रसातून स्फटिक हळूहळू वर ओढून काढतात. मूस थोडी थोडी विरघळते आणि तिच्यातला प्राणवायू स्फटिकात शिरतो. किती? साधारण पन्नास हजार अणूंमागे एक! तेथे चिमूट काय करणार?

मदतीला येतात ते विल्यम हर्शेलने १८०० साली शोधलेले, डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण. आपल्याला धातूसारखी चकचकीत दिसणारी सिलिकॉनची चकती या किरणांना मात्र काचेसारखी पारदर्शक असते. तिच्यात अडकलेला प्राणवायूचा अणू एका ठरावीक तालावर थरथरतो आणि त्या तालाचा, सुमारे ९ मायक्रॉन लांबीचा, किरण गिळून टाकतो. कार्बन गिळतो तो साडेसोळा मायक्रॉनच्या आसपासचा. कोणता किरण नाहीसा झाला त्यावरून हीण कोणते ते कळते. किती नाहीसा झाला त्यावरून त्याचे प्रमाण. चकतीला ओरखडाही उठत नाही.

मग हा प्राणवायू साफ काढूनच का टाकीत नाहीत? कारण तो नुसता खलनायक नव्हे. त्याच्यामुळे चकती कणखर होते. पण बोरॉनशी त्याची गाठ पडली की उन्हात ठेवलेल्या तावदानाची शक्ती थोडी उतरते. ही गोष्ट १९७३ साली लक्षात आली. अलीकडे बहुतेक कारखान्यांनी बोरॉनच्या जागी गॅलियम आणले ते यासाठीच. पवईच्या आय. आय. टी.तही सौर घटांच्या संशोधनासाठी २०१० पासून स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र आहे.

शेतकरी तावदान एकदाच घेतो आणि वर्षानुवर्षे विहिरीचे पाणी त्याच्यावर सोपवितो. कापसाची पारख त्याच्यासमक्ष तरी होते. तावदानाची होते दूर कुठे कारखान्यात. तेथले माप चोख असेल, तरच त्याच्या पाटाला भर दुपारी पुरेसे पाणी येणार!